कडेवरचं नाव

पदक हातात दिलं की माणसं ते नाण्यासारखं उलटसुलट करून बघतात. राजाचं डोकं बघतात, मागचा घोडेस्वार बघतात, फितीचे रंग बघतात आणि ‘छान आहे’ म्हणून परत करतात. मी ते आडवं धरतो. खिडकीपाशी नेतो, कड डोळ्यांच्या पातळीला आणतो आणि अंगठ्याने सावकाश फिरवतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग कुठल्यातरी एका तिरक्या उजेडात चांदीच्या त्या अरुंद पट्टीवर अक्षरं उठून येतात. एक आकडा, एक हुद्दा, एक नाव, एक पलटण.

ज्या पदकाबद्दल लिहितो आहे ते कर्ली नदीच्या काठच्या एका गावातलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुपाऱ्या, जुन्या किल्ल्या आणि घराच्या फाळ्याच्या पावत्यांबरोबर ते ठेवलेलं होतं. डबा उघडणारी आजी पंच्याऐंशीच्या पुढची. “ह्यो बिल्लो माज्या आजेसासऱ्याचो,” ती म्हणाली. “चतुर्थेक भांडी घासूक काडतंव, तेवां ह्येका पण सोलांनी घासतंव.” समया, तांब्या, पंचारती यांच्या रांगेत दर गणपतीला हा बिल्लाही बसायचा आणि आमसुलाच्या आंबट पाण्याने लखलखीत होऊन परत डब्यात जायचा. निदान सत्तर-ऐंशी चतुर्थ्या त्याने अशा काढल्या असतील.

संग्राहकाला हे ऐकून पोटात कालवतं. चांदीवर वर्षानुवर्षं जमणारी करडी-काळपट झाक हा पदकाचा जन्मदाखला असतो. ती खोलगट जागी दाट, उंचवट्यावर विरळ अशी बसते, आणि तिची नक्कल करणं फार अवघड असतं. गंधकाच्या धुरीने काळी केलेली चांदी सगळीकडे सारखीच काळी दिसते. काळाने काळवंडलेली चांदी कधीच सारखी नसते. आमच्या समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तर ही झाक भराभर चढते आणि ब्राँझच्या पदकांवर कळंक धरतो. तेव्हा पहिला नियम मी सगळ्यांना सांगतो: घासू नका. सोलं नकोत, चिंच नको, रिठा नको, रांगोळी तर नकोच. पण त्या आजीच्या पदकाने मला उलटंच काहीतरी शिकवलं. त्या घासण्यातही एक खरेपणा होता. घोड्याची मान, राजाची भुवई, दाढीचं टोक, जिथे जिथे उंचवटा तिथे तिथे पिढ्यांच्या बोटांनी धातू मऊ केला होता, आणि घोड्याच्या पोटाखालच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही तिथे, जुनी काजळी तशीच होती. असं झिजवणं कुठल्याही नकलाकाराला परवडणार नाही.

पदक आधी तळहातावर ठेवून वजन घ्यावं. हे १९१४–१८ च्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक. व्यास ३६ मिलिमीटर, चांदी सुमारे एक औंस, म्हणजे आपल्या हिशेबात अडीच तोळ्यांहून थोडी अधिक. साधारण ६५ लाख चांदीची पदकं निघाली, आणि हमाल, मजूर, बिगारी अशांच्या तुकड्यांसाठी तेच पदक ब्राँझमध्ये, सुमारे १ लाख १० हजार. एकाच युद्धात, एकाच उन्हात राबलेल्यांना दोन धातू. चांदीचं असणं हाच या पदकाला शाप ठरला. कोकणात किती पदकांचे पैंजण झाले असतील, किती करंड्यात वितळली असतील. सोनाराकडे मोडीत घातलेल्या चांदीला नाव नसतं. १९७९-८० मध्ये जगभर चांदीचे भाव भडकले तेव्हा विलायतेतसुद्धा ही पदकं ढिगांनी मुशीत गेली. म्हणून आज अनेक घरांत ब्राँझचं जोडपदक, म्हणजे विजयपदक, सापडतं आणि चांदीचं सापडत नाही.

आता तोंड. डावीकडे बघणारा पाचवा जॉर्ज, बर्ट्रम मॅकेनलने घडवलेला. या डोक्याकडे मी पूर्वी फारसं लक्ष द्यायचो नाही. एकदा त्याच राजाचा चांदीचा रुपया शेजारी ठेवला आणि चमकलो. रुपयावरचा राजा मुकुट घातलेला, अंगावर भरजरी झगा, गळ्यातल्या माळेत हत्ती. पदकावरचा राजा बोडका. ना मुकुट, ना झगा, नुसती मान. बाजारात ज्याच्या चेहऱ्यावर मीठ-मिरची घेतली तो राजा, आणि ज्याच्यासाठी बसऱ्याला गेलो तो राजा, हे दोन वेगळेच गृहस्थ वाटावेत इतका फरक. कडेकडेने लॅटिन अक्षरांत त्याची बिरुदं आहेत आणि शेवटी ‘इंड. इंप.’, हिंदुस्थानचा सम्राट. ज्यांना ते मिळालं त्यांतल्या बहुतेकांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नसणार.

मागची बाजू मात्र कलाकृती आहे, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतो. विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराने एक नग्न घोडेस्वार कोरला. हातात आखूड तलवार. घोड्याच्या खुराखाली गरुडाचं चिन्ह असलेली शत्रूची ढाल, शेजारी कवटी आणि हाडं, वर विजयाचा सूर्य. दोन बाजूंना १९१४ आणि १९१८, बस. घोषणा नाही, सद्वचन नाही. तोफा आणि विषारी वायूंचं युद्ध, आणि पदकावर माणूस आणि जनावर. आपल्यापेक्षा बलवान शक्तीला माणसाची बुद्धी लगाम घालते असा त्यामागचा भाव. मला त्यात घोड्याची मान सगळ्यांत आवडते. ती वळलेली आहे, ताणलेली आहे, आणि एवढ्याशा वर्तुळात मावताना कुठेही अवघडलेली नाही. खऱ्या-खोट्याची पहिली कसोटी मी इथेच लावतो. अस्सल पदक पोलादी ठशाखाली दाबून काढलेलं असतं, त्यामुळे स्नायूच्या कडा झिजल्या तरी त्यांचा ओघ तुटत नाही. ओतीव नकलेत तोच घोडा मेणाचा वाटतो. कडा गोल, जमीन दाणेदार, भिंगाखाली बारीक बारीक खळगे. नक्कल ओतताना धातू आकसतो, म्हणून ती मूळ पदकापेक्षा किंचित लहानही भरते.

पण तोंड कितीही सुंदर असलं तरी ते लाखो पदकांवर एकच आहे. ते राजाचं आहे. माणूस भेटतो तो कडेवर.

या पदकांवरची नावं कोरलेली नसतात, दाबलेली असतात. प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा धातूत रुतवलेला. त्यामुळे अक्षराच्या काठाशी धातू अगदी किंचित वर सरकलेला असतो. नख फिरवलं तर जाणवतं. कोरीव अक्षरात धातू कापला जातो आणि तळाशी चमकदार चर दिसते. हल्लीच्या लेसरच्या अक्षरांचा तळ भाजल्यासारखा, सपाट. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट झिजेची. पदकाची झीज एकाच आयुष्याची असते. राजाची दाढी गुळगुळीत झाली आणि कडेवरची अक्षरं मात्र कालच पाडल्यासारखी धारदार, असं झालं तर ती अक्षरं कालचीच असतात.

हे मला फुकट कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून मी मराठा पलटणीचं म्हणून एक पदक घेतलं होतं. वजन ठीक, घोडा ठीक, झाकसुद्धा ठीक. नाव तर इतकं ओळखीचं, आमच्याच बाजूचं, की मी भारावून गेलो. घरी आल्यावर व्हर्नियर लावला. ३६ मिलिमीटर हवं तिथे ते जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी भरलं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. कोणीतरी मूळ शिपायाचं नाव कानशीने घासून काढलं होतं आणि गिऱ्हाइकाला आवडेल असं नाव त्या जागी दाबलं होतं. पैशांचं दुःख काही दिवसांत सरलं. ज्याचं नाव घासलं गेलं तो कोण, हा प्रश्न मात्र गेला नाही. ते पदक मी विकलं नाही, कोणाला दाखवतही नाही.

धातूच्या कसोट्या संपल्या की वाचनाच्या सुरू होतात, आणि या मला जास्त प्रिय आहेत, कारण इथे इतिहास ठाऊक असावा लागतो. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १९२२ मध्ये त्या एकत्र बांधून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणून १९१४–१८ च्या पदकावर ‘५ मराठा’ दिसलं की हात आखडावा. त्यातही १०३, १०५ आणि ११० या ‘लाइट इन्फंट्री’ म्हणवल्या जात, बाकीच्या नुसत्या ‘मराठाज’. आणि त्या ‘मराठाज’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘ए’नंतर एक ‘एच’ येतो. ‘म’ला ‘ह’ जोडल्यासारखं दिसणारं ते जुनं साहेबी वळण स्वातंत्र्यानंतर गेलं. आजच्या वळणाने लिहिलेला ‘मराठा’ १९१८ च्या पदकावर असेल तर तो आजच्याच माणसाने लिहिलेला आहे. तसंच कागदांचं. पदकाबरोबर कोणी जुना कागद देत असेल आणि त्यावर जिल्हा सिंधुदुर्ग असेल तर उठून यावं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. तोवर मालवण रत्नागिरी जिल्ह्यात, आणि १९१४ साली सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान. तिथले बापूसाहेब महाराज स्वतः त्या युद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आले.

आणखी एक पलटण नजरेत ठेवावी: १११ महार्स. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये ही पलटण उभी केली आणि युद्ध आटोपल्यावर काही वर्षांतच मोडून टाकली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहीपर्यंत मधली वीस वर्षं रिकामी. १११ चं युद्धपदक दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्या नकलाही होणार. पण १९१४-१५ चा ताराच जर कोणी १११ महार्सच्या नावाने दाखवला तर भिंगसुद्धा काढू नये. तारा १९१५ संपायच्या आत रणावर पोचलेल्यांना आहे, आणि त्या पलटणीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आजीच्या बिल्ल्यावर ११७ मराठाज. हा आकडा वाचला आणि मी खुर्चीवर सावरून बसलो. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाच्या लढाईत ही पलटण होती. नोव्हेंबरात टेसिफोनला होती. तिथून माघार घेत कूतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ ला वेढ्यात अडकली. जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. पीठ संपत गेलं, घोडे कापले गेले, शेवटी शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि वाळवंटातून चालत नेली गेली; त्यांतली हजारो परत आलीच नाहीत. हा शिपाई तिथे होता का, की नंतरच्या भरतीचा, हे चांदीचं पदक एकटं सांगत नाही. ते सांगणारी त्याची भावंडं असतात. १९१४-१५ चा तारा, हे पदक आणि विजयपदक असं त्रिकूट असेल तर माणूस आधी गेलेला. नुसती जोडी असेल तर मागाहून. मी आजीला विचारलं, अजून काही आहे? तिने डब्यात हात घालून ढवळलं. “एक चांदणी व्हती. पोरांनी खेळूक नेली.” तारा होता तर.

इथे थोडं थांबून बसऱ्याच्या स्मारकाविषयी सांगायला हवं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा सैनिकांसाठी ते उभारलं गेलं. गोऱ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली संख्या. इतके अमुक पलटणीचे. हे कळल्यापासून पदकाची कड मला निराळी दिसू लागली. दगडावर ज्याला जागा मिळाली नाही त्याचं नाव सरकारनेच या अडीच तोळ्यांच्या कडेवर दाबून ठेवलं आहे. कारकुनाने ऐकून लिहिलेलं, अनुस्वार गळालेलं, आडनावाचं भलतंच काहीतरी झालेलं, तरी त्याचंच. म्हणून कोणी कड घासून नवं नाव टाकतो तेव्हा तो फसवणूक तर करतोच. पण एका माणसाची उरलेली शेवटची नोंदही तो खरवडून टाकतो.

मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या माणसाने आणखी एक पदक ओळखायला शिकावं, कारण ते दर्याचं आहे: व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं युद्धपदक. ब्राँझचं. मागे वादळी लाटा फोडत जाणारी आगबोट, शेजारी बुडणारी पाणबुडी, दूर एक शिडाचं गलबत. त्याच्या फितीएवढी अचूक फीत मी दुसरी पाहिली नाही. हिरवा, पांढरा, तांबडा. जहाजाच्या उजव्या बाजूचा हिरवा दिवा, डाव्या बाजूचा तांबडा, डोलकाठीवरचा पांढरा. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की बोट कुठल्या दिशेने चालली आहे हे सांगणारे तेच तीन रंग. आणि याच्या कडेवर काय असतं? फक्त नाव. नंबर नाही, हुद्दा नाही, बोटीचं नाव नाही. त्यामुळे खोटं करायला सोपं, आणि पारखायला सर्वांत कठीण. इथे धातू आणि झीज यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते ढिगाने आहेत आणि नकलाही तितक्याच. सहा टोकांचे, पिवळसर ब्राँझी रंगाचे. आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश. मराठ्यांची तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली, पुढे इटलीत गेली, आणि तिथेच १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशिनगनचं ठाणं मारलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. या ताऱ्यांच्या फिती वाचाव्यात अशा आहेत. आफ्रिकेची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये भूदलाचा तांबडा, दोन्हीकडे आरमाराचा आणि वायुदलाचा निळा. ब्रह्मदेशाच्या फितीत दोन्ही कडांना निळ्यात नारिंगी पट्टा, सूर्याचा. फीत अस्सल आहे का हे बघायला अतिनील दिवा धरावा. जुना सुती किंवा रेशमी धागा त्यात मंद राहतो, आजचा कृत्रिम धागा बहुधा चकाकतो. पण नुसत्या फितीवरून पदक नाकारूही नये; फिती झिजतात, घरची माणसं नव्या लावतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर तोंडच बदललं आणि ते बदलणारी व्यक्ती आडनावाने तरी आपल्याच मातीतली आहे. वेंगुर्ल्याजवळचं खानोली गाव; त्यावरून खानोलकर. विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून स्वित्झर्लंडची ईव्ह सावित्रीबाई खानोलकर झाली, मराठी-संस्कृत शिकली, पुराणं वाचली, आणि परमवीर चक्राची आकृती तिने आखली. ब्राँझचं, ३५ मिलिमीटरहून किंचित लहान. मध्ये राजमुद्रा, चार दिशांना इंद्राचं वज्र. दधीचीने आपल्या अस्थी दिल्या त्यातून घडलेलं शस्त्र. जांभळी, अगदी साधी फीत. सन्मान जितका मोठा तितका दागिना कमी, हे त्या बाईंना नेमकं कळलं होतं. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले रामा राघोबा राणे हे कारवारच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात काढले. आणि त्याच काश्मीरच्या लढाईसाठी जे सामान्य सेवा पदक शिपायांना मिळालं त्याच्या दर्शनी भागावर प्रभावळीसह भवानी तलवार आहे. मी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बराच वेळ तोंडच बघत राहिलो. कड पाहायचं त्या दिवशी राहून गेलं.

आजीच्या ओटीवर मात्र मी कडच वाचत होतो. आधी मनात, मग मोठ्याने. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव. नाव इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. इंग्रजीत त्याची पार मोडतोड झालेली होती, पण मी ते मालवणी वळणाने म्हटलं तेव्हा आजीचा हात थांबला.

“खंय लिवलाहा?”

तिचं बोट धरून मी ते कडेवर टेकवलं आणि हळूहळू फिरवलं. तिला दिसत नव्हतं, पण नखाला लागत होतं.

“आणि ह्यो आकडो कसलो?”

“त्यांचा नंबर, आजी. पलटणीतला.”

तिने नातवाला हाक मारली. पोराने पेन शोधलं, मी एकेक आकडा सांगत गेलो आणि त्याने तो कालनिर्णयाच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, लिहून ठेवला.